विसण किती घालता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज सकाळी आंघोळीला बसताना तुम्ही विसण किती घातलंत? हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही, म्हणून सांगतो. कढत पाणी अंगाला सोसावं म्हणून त्यात जे गार पाणी घालायचं, ते विसण. आमच्या लहानपणी न्हाणीघरात एक घंगाळ असायचं, शेजारी गार पाण्याची बादली आणि कोपऱ्यात तांब्याचा बंब. आजी घंगाळात कोपर बुडवून बघायची आणि म्हणायची, ‘अजून एक तांब्या घाल रे.’ तिचं कोपर हाच आमच्या घरचा थर्मामीटर. अंगाला सुखावणारं पाणी साधारण ४० अंश सेल्सिअसचं असतं. आजीला अंश ठाऊक नव्हते, पण तिचा अंदाज कधी चुकला नाही.

त्या बंबाची रचना मोठी हुशारीची होती. मधोमध नळकांडं, त्यात निखारे आणि सभोवार पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यानं उष्णता बाहेर कमी जायची. पण बंबाचे गोडवे गायला मी आलेलो नाही. पहाटे उठून बंब पेटवणारी घरातली बाई, तिच्या डोळ्यांत जाणारा धूर, तिचा खोकला, याचा हिशेब त्या काळी कुणी मांडला नाही. बंब गेला ते बरंच झालं. त्याच्या जागी आपण काय आणलं, त्याबद्दल मात्र बोलायला हवं.

तंत्रनिकेतनात मी बरीच वर्षं यंत्रशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर विद्यार्थ्यांऐवजी शेजारी प्रश्न विचारू लागले. ‘सर, कुठल्या कंपनीचा गिझर घेऊ?’, ‘पाच स्टारचा घेऊ ना?’, ‘सोलर खरंच चालतं का हो?’ मी उलट विचारतो, ‘तुमच्या घरी रोज किती बादल्या गरम पाणी लागतं?’ यावर बहुतेक जण गप्प होतात. गाडी लिटरला किती किलोमीटर देते, हे तोंडपाठ असतं. बादल्या मात्र कुणी मोजलेल्या नसतात.

चला, आपण मोजू. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. पुण्यात डिसेंबरातल्या सकाळी नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. ते ४० अंशांवर न्यायचं. बादली २० लिटरची धरली, तर वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका आंघोळीच्या बादलीला अर्ध्या युनिटापेक्षा थोडी कमी वीज. घरात चार माणसं असली, तर रोज दोन युनिटांना थोडी कमी. महिन्याला पंचावन्न-छप्पन्न युनिटं. विजेनं थेट पाणी तापवायचं असेल, तर याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. स्वस्तातला रॉड असो की काचेच्या मुलाम्याची महागडी टाकी, निसर्गानं ठरवलेली ही किंमत मोजावीच लागते.

आणि शॉवर? साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटं गाणं म्हणत उभं राहिलात, की साडेतीन-चार बादल्या झाल्या. मी शॉवरच्या विरोधात नाही. पण आंघोळ बादलीची आणि बिल शॉवरचं, अशी तक्रार करणाऱ्या घरात एकदा घड्याळ लावून बघायला हवं.

मग विसणाचं काय? गार पाणी घातलं म्हणजे उष्णता वाया गेली, असा काहींचा समज असतो. तसं नाही. ७० अंशांच्या पाण्यातली उष्णता विसणाच्या पाण्यात जाते, पण राहते बादलीतच. वाया जाते ती बादलीत येण्याआधी. पाणी टाकीत ताटकळत असताना, लांबलचक नळातून येताना आणि आंघोळी संपल्यावर टाकीत कढत उरलेल्या पाण्यातून. पाणी गरजेपेक्षा जितकं जास्त तापवाल, तितकी ही गळती वाढते. म्हणून ज्या घरात निम्मी बादली विसण घालावं लागतं, तिथे गिझरची कळ दोन खुणा मागे घ्यायला हवी, असं मी समजतो.

ही गळती किती असते, ते मी घरी मोजून पाहिलं. आमचा २५ लिटरचा जुना गिझर एके दिवशी मुद्दाम चोवीस तास चालू ठेवला आणि थेंबभरही पाणी घेतलं नाही. मीटरवर एक युनिट गेलं. दोन बादल्यांची वीज, आणि आंघोळ कुणाचीच नाही! गिझरवरचे तारे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकन, नेमकं हेच मोजतं. साठवणीच्या गिझरमधलं गरम पाणी नुसतं उभं असताना किती उष्णता गमावतं, यावर त्याला तारे मिळतात. जास्त तारे म्हणजे टाकीचं पांघरूण जाड. म्हणून दिवसभर कुणाला ना कुणाला गरम पाणी लागतं अशा मोठ्या घरात पाच तारे पैसे वसूल करून देतात. पण जिथे सकाळी वीस मिनिटं बटण चालू, दोन आंघोळी आणि बटण बंद, असा शिरस्ता आहे, तिथे ताऱ्यांपेक्षा बटण बंद करणारा हात जास्त वाचवतो. दुकानदार हे सांगत नाही, त्याचाही नाइलाज आहे.

आणखी एक गैरसमज. तीन किलोवॉटचा छोटा इन्स्टंट गिझर वीज खूप खातो, असं म्हणतात. तो वीज भराभर घेतो, पण थोडाच वेळ घेतो. विसाचं चाळीस करत बादली भरायला त्याला नऊ-दहा मिनिटं लागतात. हिशेब तोच, अर्ध्या युनिटाला थोडा कमी. उलट साठवण जवळजवळ नसल्यानं गळतीही नाही. जुन्या घरातली वायर मात्र हा भार पेलणारी हवी आणि घराला गळती-विद्युत रोखणारं ब्रेकर हवं. रॉड वापरणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, पाणी तापलं का ते बोट घालून बघण्याआधी बटण बंद करा आणि पिनही काढा. एवढ्याशा आळसानं घरं बसली आहेत.

आता थोडं लांब जाऊ. चंद्रपूरला किंवा कोराडीला मोठी औष्णिक वीज केंद्रं आहेत. तिथे काय होतं? कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफ करतात. वाफेनं चक्र फिरतं आणि वीज तयार होते. कोळशात उष्णतेचे तीन भाग असले, तर वीज हाती येते साधारण एक भाग. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या मनोऱ्यांतून आकाशात जाते. मग ती वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून शेकडो किलोमीटर प्रवास करत आपल्या न्हाणीघरात येते. आणि तिथे आपण तिचं काय करतो? पाणी तापवतो! तिकडे पाणी तापवलं ते इकडे पाणी तापवण्यासाठी. त्या दरम्यान दोन तृतीयांश उष्णता गेली आणि दर युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. विजेवर दिवा लागतो, पंखा फिरतो, रेडिओ बोलतो. ही कामं विस्तवाला जमत नाहीत, तिथे वीजच हवी. पण ४० अंशांचं कोमट पाणी? ते काम तर मार्चमध्ये गच्चीवर विसरलेली बादलीसुद्धा करते.

‘मग गॅस बरा की,’ असं कुणी म्हणेल. गॅसच्या गिझरमध्ये इंधन घरातच जळतं आणि त्यातली बरीच उष्णता पाण्यात उतरते. वरच्या हिशेबानं एका बादलीला ४५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. चौघांच्या घरी १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळींना अडीच महिन्यांवर जातो. खर्चाच्या दृष्टीनं हे वाईट नाही. पण इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा नोकरीनिमित्त भाड्याच्या खोलीत राहत होता. न्हाणीघर लहान, गॅसचा गिझर आतच बसवलेला, आणि खिडकीच्या झडपांतून थंडी येते म्हणून त्यानं त्यांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले. जानेवारीतल्या एका सकाळी तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बरोबरच्या मुलानं हाका मारल्या, मग दार तोडलं. भाचा जमिनीवर पडलेला, शुद्ध हरपलेली. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. डोकेदुखी पुढे कित्येक दिवस टिकली.

याचं कारण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद जागेत गॅस जळू लागला, की आधी प्राणवायू कमी होतो आणि मग ज्वलन अर्धवट होऊन हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक ओढीनं धरतं. माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. जरा गरगरतं, पाय जड होतात आणि कडी काढायची ताकद उरत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. ज्यांच्या न्हाणीघरात आज गॅसचा गिझर आहे, त्यांनी तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवावा. पाइप वाढवायचा खर्च येईल, तो करावा. तोवर निदान दार उघडं ठेवून पाणी बादलीत भरून घ्यावं, गिझर बंद करावा आणि मग दार लावावं. खिडकीला कागद चिकटवू नये. आमच्या बहिणीच्या घरात आता गॅसचा गिझर नाही. तिला कुठलाही हिशेब समजावून सांगायची गरज पडली नाही.

विजेवरच चालणारं पण वेगळ्या युक्तीचं एक यंत्र आहे, हीट पंप. आपल्या फ्रिजच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला हात लावून बघा, गरम लागतं. फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम बाहेरच्या हवेवर करतो. हवेतली उष्णता उपसतो आणि पाण्यात सोडतो. वीज लागते ती फक्त या उपशासाठी. त्यामुळे एक युनिट वीज घालून साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात मिळते. चंद्रपूरला जे दोन भाग हरवले होते, ते जणू दाराशी परत मिळतात. हॉटेलं, इस्पितळं, वसतिगृहं यांनी ही यंत्रं आधीपासून बसवली आहेत. घरगुती वापरात किंमत आडवी येते, शिवाय बाहेरच्या यंत्राला मोकळी हवेशीर जागा लागते. पण ज्या बंगल्यात सहा-आठ माणसं राहतात किंवा जिथे गच्चीवर ऊनच पोचत नाही, तिथे मी आज हाच पर्याय सुचवीन. यातही एक मेख आहे. पाणी जितकं जास्त कढत मागाल, तितका हा पंप थकतो. म्हणजे पुन्हा आजीच्या कोपराशी आलो.

आता सोलर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हे आमच्याच घरचं रामायण आहे.

आमची सोसायटी तीन मजली, चोवीस घरांची. बांधकाम २००९ सालचं. त्या सुमारास अनेक महापालिकांनी नव्या इमारतींना सौर पाणीतापक बंधनकारक केले होते. पुणे महापालिका तर अशा यंत्रणेसाठी मिळकतकरात पाच टक्के सूट देत आली आहे. तेव्हा बिल्डरनं गच्चीवर काचेच्या नळ्यांची रांग आणि मोठ्या टाक्या बसवून दिल्या. पहिली दोन-तीन वर्षं पाणी झकास आलं. मग कोमट येऊ लागलं. मग गार. एकेकानं निमूटपणे गिझर बसवून घेतला आणि २०१६ पर्यंत गच्चीवरचं सोलर म्हणजे कबुतरांची धर्मशाळा झाली. इकडेतिकडे पाहाल, तर अशा धर्मशाळा कितीतरी गच्च्यांवर दिसतील.

२०२४ मध्ये केंद्र सरकारची छतावरच्या सौर विजेची योजना आली. आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडला गेला की जुनं सोलर भंगारात द्यावं आणि त्या जागी लिफ्टसाठी नि पाण्याच्या पंपासाठी वीज करणारी पॅनेलं बसवावीत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मला तीन रविवार द्या.’ मास्तरची खोड, दुसरं काय! लोक हसले, पण तीन रविवार मिळाले.

पहिल्या रविवारी नळ्या उघडल्या. आत पांढऱ्या क्षारांचा गाळ बोटभर साठलेला. टँकरचं आणि बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं त्यांत जात होतं. काचेच्या नळ्या तरी साफ करता येतात. तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पत्र्याचे संग्राहक असते, तर त्या पार बुजल्या असत्या. अशा पाण्याला ते घ्यायचेच असतील, तर उष्णता-विनिमयक असलेली टाकी घ्यावी लागते. आमच्या दहा-बारा नळ्या फुटक्या होत्या, त्या बदलल्या आणि सोलरच्या टाकीला फक्त महापालिकेचं पाणी जोडलं.

दुसऱ्या रविवारी एक वेगळीच चोरी पकडली. टाकीत पाणी चांगलं कढत होतं, पण खाली एका रांगेतल्या सगळ्या घरांत कोमट. त्यांतल्या एका न्हाणीघरात मिक्सर नळ असा बसवला होता, की गार पाणी त्यातून उलटं गरमच्या पाइपात शिरत होतं. एका घरातला नळ नि सहा घरांचं पाणी विटाळलेलं! उलट प्रवाह अडवणारा छोटा व्हॉल्व्ह टाकला आणि ती रांग सुधारली. सात-आठ वर्षं ज्या यंत्रणेला लोक शिव्या देत होते, तिचा यात काही दोष नव्हता.

तिसरा रविवार तळमजल्याचा. गच्चीवरून तिथवर पाइप २५ मीटर. एक इंची पाइपात मीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर पाणी राहतं. म्हणजे रात्रभर गार झालेलं बारा लिटर पाणी आधी निघणार, मग गरम येणार. सकाळी पहिला नळ सोडणाऱ्यानं अर्धी बादली ओतून द्यायची, हा त्याच्यावर अन्यायच. त्यात पाइपावरचं आवरण उन्हानं फुटून गळून पडलेलं. आम्ही आवरण नवं घातलं, परतीचा एक पाइप टाकला आणि छोटा पंप लावला. पहाटे साडेपाचला तो आपोआप सुरू होतो आणि पाइपातलं गार पाणी फिरवून टाकीत परत नेतो. लोक उठतात तेव्हा नळाशी गरम पाणी असतं.

पॅनेलं की पाणी, या वादाचंही सांगतो. वीज करणारं पॅनेल उन्हातला साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. पाणी तापवणारं सोलर त्याच उन्हातला निम्मा किंवा अधिक हिस्सा पाण्यात उतरवतं. तेव्हा पाण्याचं सोलर काढून पॅनेलं बसवायची आणि त्या विजेवर गिझर चालवायचे, यात गच्चीचा तोटा आहे. हां, पॅनेलच्या जोडीला हीट पंप घेतला, तर गणित पुन्हा बरोबरीत येतं. आमच्याकडे निम्म्या गच्चीवर पॅनेलं आली, निम्मीवर पाणी राहिलं. दक्षिणेला टोलेजंग इमारत असती, तर मीच भंगाराच्या ठरावाला हात वर केला असता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि नेमकी गरज असते तेव्हाच सावली पडते. सोलर घेण्याआधी डिसेंबरात दुपारी गच्चीवर जाऊन उभं राहावं, विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा ते जास्त सांगेल.

पावसाळ्याचं विचाराल, तर जून अखेरपासून बरेच दिवस सोलर मान टाकतं. तेव्हा गिझर लागतोच, म्हणून घरातले गिझर कुणी काढलेले नाहीत. आणि सलग ढगाळ दिवसांनंतर टाकीत बरेच दिवस कोमट पडून राहिलेलं पाणी वापरण्याआधी एकदा ६० अंशांपर्यंत चांगलं तापू द्यावं. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात.

चोवीस घरांपैकी एकोणीस घरांनी पुन्हा जोडणी घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मागच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, मला जिन्यात गाठलं आणि दम दिला, ‘सर, पाणी फार कढत येतं हो, दोन तांबे विसण घालावं लागतं.’ तळमजल्यावरचे काका अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, एकदा फसलो, पुन्हा नाही. येता हिवाळा शेजाऱ्यांच्या नळाला हात लावून बघतो, मग ठरवतो, म्हणतात. मी त्यांना थर्मामीटर नेऊन दिला आहे.